कोड पुसल्यापासूनचं अंतर

तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ, उद्यमबागेच्या तोंडाला
आमचं गॅरेज. बोर्ड कन्नडात मोठा, मराठीत बारीक,
रंग दोन्हींचा सारखाच सोललेला.

दस्तगीरमामा अजून लांब स्क्रूड्रायव्हर घेतो,
टोक टॅपेट कव्हरवर, मूठ कानाला.
डावा कान गेलाय, म्हणून बॉनेटला अर्धा वळसा घालून
उजवा आणतो.
"दोन नंबर खोकूलालाय."
मी स्टिअरिंगखाली हात घालतो, सॉकेट चाचपतो,
वायर खोचतो. पडदा उजळतो: पी-०३०२.
दोन नंबर.
"एवढं सांगायला अठरा हजार?" मामा विचारतो,
आणि चहा सांगायला जातो.

पण यंत्राला आठवण आहे.
बिघडलं त्या क्षणाचं चित्र ते गोठवून ठेवतं:
वेग बावीस, भार शहाण्णव टक्के, पाणी एकशे आठ डिग्री.
गाव सांगत नाही. गाव मी सांगतो,
चोर्ल्याचा घाट, दुसरा गिअर, आत आठ माणसं.
गिऱ्हाईक म्हणतं, छे हो, गाडी शहराबाहेर गेलीच नाही,
आणि डिकीतल्या काजूच्या पिशवीवर
गडबडीनं टॉवेल टाकतं.

सोमवारी बसगौडा आला. गांधीनगरच्या त्याच्या शेडमधली
पांढरी गाडी, वॅक्स मारून आरशासारखी,
आत मोगऱ्याचा वास, डॅशवर पिवळा दिवा.
पी-०४२०. सायलेन्सरमधलं कॅटॅलिटिक संपलेलं,
नवं घालायचं तर तीस हजाराला खड्डा.
"परशा, लाइट आरिसिबिडु," म्हणाला,
मग नोट मोडून सुट्टे द्यावेत तसं मराठीत,
"दिवा तेवढा घालव की बे. सोल्प."
यंत्र विचारतं: नक्की पुसायचं? हो. नाही.
हो.
तीनशे रुपये.
मामा डिझेलमध्ये पाने धूत होता,
तेरा नंबरचा एकच पाना बराच वेळ.

शनिवारी तीच गाडी. आतून उतरला
यळ्ळूरचा भरमाण्णा पाटणेकर,
फाउंड्रीत सत्तावीस वर्षं वजनकाट्यावर,
ग्रॅच्युइटी आली तशी बसगौडाला मोजून दिलेली.
बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं अजून ओली वाटावीत अशी.
"नेसरीला लेकीकडं जाऊन आलो.
येताना शिनोळीजवळ हा दिवा लागला बघ.
काय म्हणूलालंय ते?"

मी वायर खोचली. पी-०४२०.
अनोळखी माणसाचं नाव वाचावं तसा वाचला.
म्हटलं, बघतो, सेन्सर असेल,
कधी कधी पेट्रोलच वाईट मिळतं.
अंगठ्याला ग्रीस होतं, बटण घसरलं,
पडदा एक पान खाली गेला.
तिथं एक ओळ असते. आम्ही ती कुणाला दाखवत नाही,
कुणी विचारतही नाही:
कोड पुसल्यापासूनचं अंतर, १३७ किलोमीटर.

भरमाण्णानं चष्मा लावला.
वर इंग्रजीत काय लिहिलंय ते मला विचारलं,
मी सांगितलं. दुसरं काही सुचलंच नाही.
आकडा त्यानं स्वतः वाचला.
खिशातून वही काढली, काट्यावरची जुनी सवय,
लिंबू चिरडून शेडमधून गाडी बाहेर काढली
तेव्हाचं रीडिंग, आणि आत्ताचं.
"माझ्याकडं आल्यापासून फिरलीय एकशे एकतीस."

भरलेल्या ट्रकातून रिकामा ट्रक वजा करावा
तशी ओठांतल्या ओठांत वजाबाकी केली.
चिडला नाही. पेनाचं टोपण लावलं.
"परशराम, इथनं गांधीनगर किती रे?"

मी पडदा पुसत होतो, स्वच्छच होता तो.
"सहा," मामा म्हणाला,
पलीकडून, पाठमोरा,
ज्याला आठवडाभर हाक मारली तरी ऐकू येत नव्हती.