अकरा एमबी

खानापूर स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझं दुकान.
झेरॉक्स, लॅमिनेशन, लग्नाचं मिक्सिंग.
पाटीवर कन्नड मोठं, मराठी बारीक,
आणि तळाला कुणीतरी खिळ्यानं कोरलेलं: उधारी नाही.
मी कोरलेलं नाही, पण पुसलंही नाही.

यल्लू घाडी आली ती मेमरी कार्ड
कुंकवाच्या रिकाम्या डबीत घालून.
"बापाचा व्हिडिओ हाय. कुठंच लागंना.
बेळगावात दोन दुकानं फिरलो."

अकरा एमबी. जुन्या चायना फोनचा थ्रीजीपी.
एका प्लेअरनं सांगितलं, कोडेक नाही.
दुसऱ्यानं नुसता काळा चौकोन दाखवला.
तो नारिंगी टोपीवाला, जो पडेल ते खातो,
तोही घास तोंडात धरून बसला.
मग काळी खिडकी उघडली, हुकूम टाइप केला.
एका ओळीत उत्तर: मूव सापडत नाही.

"मूव म्हंजे कंबरंला लावत्यात ते?"

नाही गं. फाईलीची अनुक्रमणिका.
कुठलं चित्र कुठं, आवाज कुठला, माप किती.
फोन ती सगळ्यात शेवटी लिहितो,
बटण दाबून रेकॉर्डिंग थांबवल्यावर.
तुमच्या फोननं लिहिलीच नाही.

ती टेबलाच्या सनमायक्याकडं बघत राहिली.
"बॅटरी गेली हुती. मीच धरलो हुतो फोन."

म्हटलं, त्याच फोनवरचं दुसरं काहीही आण,
धड चालणारं. त्याच्या मापानं हे शिवता येतं.
चार दिवसांनी तिनं शेळी आणली.
शेळी दोरीवरचा परकर चावतेय,
कॅमेरा हलतोय, धरणारा हसतोय.
तेवढंच. पण शेळीची अनुक्रमणिका शाबूत होती.

रात्री हुबळीकडची मालगाडी गेली, शटर थरथरलं,
आणि पोस्टाच्या तिकिटाएवढा
सातेरी घाडी पडद्यावर उभा राहिला,
कौलांच्या थप्पीपाशी, खांद्यावर टॉवेल, ओठ हलताहेत.
आवाज नाही.

दुसऱ्या दिवशी तिला दाखवला.
"कायतरी सांगूलाय. माझं नाव घेतला काय?"
मागं नेलं. परत मागं.
मी म्हटलं, तोंड गोल होतंय, तुझं नाव नसावं.
ती म्हणाली, "मिशी हाय ओ, कळतंय कुठं."

आवाज जुन्या फोनच्या बोलीतला,
दाबून दाबून चपटा केलेला.
त्याचा डिकोडर माझ्याकडं नव्हता. शोधला, बसवला.
पहिल्यांदा खरखर.
मग:

ओंदु. एरडु. मूरु. नाल्कु.

कौलं मोजत होता.
यल्लू हसली, मग पदर तोंडावर धरला.
"घरात शिवीसुदा मराठीत द्यायचा.
मोजायचा मात्र कन्नडात. भाकऱ्या पण.
कारखान्यात शिकला, तिथंच बसलं जिभंला."

इप्पत्तु. मूवत्तु. हात कौलाला लागतो न लागतो
तोच पुढचा आकडा.
मूवत्तारु. मूवत्तेळु.
आणि मान वर करून, सरळ आमच्याकडं बघत:
"सरक की यल्लू. उजेड अडवूलीस.
बघ, विसरलो."

पुन्हा ओंदु.
पुन्हा एर

एवढीच.

"मोठा करून दे," म्हणाली.
मोठा केला तर बाप विटांचा होतो, दाखवलं तिला.
"र्‍हाऊ दे मग. हाय तेवढाच."
एमपीफोर करून दिला, कुठल्याही फोनवर लागेल असा.
तीस रुपये झाले. तिनं पन्नासची नोट दिली,
माझ्याकडं सुटे नव्हते, तिनं वीसचं लॅमिनेशन करून घेतलं,
रेशन कार्डाचं.

शेळी मी ठेवलीय.
डी ड्राइव्हवर, नमुने नावाच्या फोल्डरात.
त्या मॉडेलचे फोन अजून येतात खेड्यांतून.
नंदगडच्या एका लग्नाचा बॅंजो तिनं उघडला,
आणि एकाच्या खिशातला अर्धा तास अंधार,
ज्यात कुणीतरी चालत चालत
म्हशीच्या किमतीवरून भांडत होतं.