इंग्रजाचा चर

आमच्या सोयाबीनमध्ये एक ओळ आहे,
तिथं पीक दरवर्षी चार बोटं ठेंगणं राहतं.
कापणीचं यंत्र हिसका देतं
आणि ओस्मार केबिनमधून ओरडतो,
"आला बघा, इंग्रजाचा चर!"

इंग्रज.
थॅडी बॅलेस्टीनं हे ऐकलं असतं
तर फावडं उगारलं असतं.
वेस्टमीथमध्ये जमीनदाराच्या माणसांनी
त्याच्या झोपडीचं छप्पर दोर लावून ओढलं,
तेव्हा आत चुलीवर पाणी ठेवलेलं होतं.
एवढं एक तो सांगायचा, की पाणी उकळलं नव्हतं.
बोटीतून ब्वेनोस आयरेसला उतरला, तोंड उघडलं,
आणि बाहेर पडली ती इंग्रजीच.
घरची जुनी भाषा आजोबांबरोबर पुरली गेली होती.
इथल्यांनी त्याला इंग्रज म्हटलं. झालं.

पाम्पावर दगड नाही, झाड नाही,
गव्हात गुरं शिरू नयेत म्हणून चर खणायचा.
गाउचो घोड्यावरून उतरायला तयार नव्हते,
जमीन उकरणं म्हणजे बिळातल्या पेलुदोचं काम.
थॅडीनं मात्र लहानपणापासून
दलदलीतला पीट कापलेला,
लोण्यात सुरी जावी तसं त्याचं फावडं जायचं.
मजुरी वारावर.
दोन वार रुंद, दीड वार खोल.
आठवड्याचे वार विसरला तो,
जमिनीचे वार मोजत राहिला.
काठावर दुसऱ्याच्या मेंढ्या चरत,
खाली हा चर खणत पुढं सरकत,
वरून फक्त टोपी दिसायची, म्हणतात.

तिसऱ्या महिन्यात फावडं ठण्‌ वाजलं.
लिंबाएवढा गोल दगड,
कमरेभोवती कोरलेली खाच.
एउसेबियो म्हणाला, "बोला आहे.
दोरीला बांधून पळत्या जनावराच्या पायात फेकायचा."
"कुणाचा?"
"आधीच्यांचा."
"ते कुठं गेले?"
एउसेबियोनं हनुवटीनं दक्षिण दाखवली.

थॅडीनं पुढं विचारलं नाही.
ज्याचं छप्पर ओढलं गेलं
त्यानं तरी विचारायचं होतं,
असं मला कधीकधी रात्री वाटतं.
सकाळी वाटतं,
त्याला मजुरी वारावर होती.

मग मजुरीच्या मेंढ्या झाल्या, मेंढ्यांची लोकर,
लोकरीचं हे शेत,
ओनोरा, सात मुलं, त्यातली चार जगली.
मग बर्मिंगहॅमहून तार आली, जहाजात गुंडाळून.
दोन पोरं एका दुपारी एवढं कुंपण घालत
जेवढं त्याला एक हिवाळा पुरायचं नाही.
तो म्हातारा चराच्या काठावर
पाय खाली सोडून बसे आणि बघे.
नंतर चरात काटेरी झुडपं आली, धूळ आली,
एकदा एक मेलेला घोडा लोटून दिला,
आणि चर भरला.

परवा नातवानं फोनवर
आकाशातून काढलेलं शेत दाखवलं.
ओळ स्पष्ट आहे, पट्टीनं आखावी अशी,
फक्त उत्तरेच्या कोपऱ्याअलीकडं
ती एकदम बाजूला सरते,
काहीच नसलेल्या जागेला वळसा घालते
आणि पुन्हा सरळ होते.
"त्या दिवशी जास्त झाली असणार," ओस्मार म्हणाला.
मीही हसले.

रात्री मात्र त्याची वही काढली.
तेलकट, कडा उंदरांनी खाल्लेल्या,
रोजचे वार, रोजचे पैसे.
एके ठिकाणी त्याच्या वेड्यावाकड्या अक्षरात
एवढंच:
अकरा वार जास्तीचे. मालकाकडं लावू नयेत.

तो दगड माझ्याकडं स्वयंपाकघरात असतो,
सोयाच्या पावत्या वाऱ्यानं उडू नयेत म्हणून.
ओस्मारला सांगितलंय,
तेवढ्या जागी यंत्र उचलून घे.
तो म्हणतो, डिझेल जास्त लागेल.
लागू दे म्हटलं.