लाकडी हरणामागे

अग्निशमन दलाच्या शेडमधून बंब बाहेर काढून
आम्ही बाकडी मांडतो. ऑगस्टचा शेवटचा शनिवार.
कॉफीचं भांडं, नारिंगी जाकिटांचा ढीग
आणि जन्मात कधी गोळी न झाडलेली
एक मुकी, लाकडी बंदूक.

सत्तावीस वर्षं मी हेच सांगतोय:
बंदूक नेहमी भरलेलीच समजा.
नळीचं तोंड कुणाकडे वळवू नका,
भावाकडे नाही, कुत्र्याकडेही नाही.
चापावर बोट सगळ्यात शेवटी.
कुंपण आलं की आधी गोळ्या काढा,
मग बंदूक तारेखालून सरकवा, मग तुम्ही.
पोरं लिहून घेतात. कुणी जांभई देतं.
हार्लन मागच्या बाकावर डोनट खातो
आणि दर वर्षी त्याच जागी त्याच विनोदाला हसतो.

माझ्या बापाकडे कुणी असलं कार्ड मागितलं नाही.
त्याची जन्मतारीख कायद्याच्या अलीकडची.
डाव्या हाताला तीनच बोटं होती त्याच्या;
उरलेली दोन कुठे गेली, ते
प्रत्येक पाहुण्याला तो वेगळं सांगायचा.

यंदा टेकला रौटिओ आली. वय बारा.
आजोबांचं जाकीट, बाह्या चारदा दुमडलेल्या.
लेखी परीक्षेत पन्नासात एकोणपन्नास,
आणि चुकलेला तो एक प्रश्न
मीच चुकीचा छापला होता.

दुपारी रानवाट. पाच वळणांवर
प्लायवुडची पाच हरणं, रंग उडालेली.
पहिल्याच्या मागे रस्ता.
दुसरं माथ्यावर, मागे नुसतं आभाळ.
तिसऱ्याच्या झुडपात नारिंगी टोपीचा कोपरा,
तो हार्लन टाचणीने लावतो.
चौथ्याशेजारी पाडस.
पाचवं सरळ. मागे मातीचं उंच टेकाड.
तिथे सगळे म्हणतात, मारतो,
मी खूण करतो, आणि आयाबाया गाड्या सुरू करतात.

टेकला म्हणाली, नाही मारत.
का गं?
टेकाडामागे काय आहे?
काही नाही, मी म्हणालो.
सत्तावीस वर्षं हे उत्तर
तोंडात गुळगुळीत होऊन बसलं होतं.
तुम्ही बघितलंय?

हार्लन खोकला.
गोळी मातीत थांबते, मी समजावलं. ते खरंच आहे.
तिने मान डोलावली, नीट, मोठ्या माणसासारखी,
आणि बंदूक उचलली नाही.
फॉर्मवर दोनच चौकोन: मारले, नाही मारले.
पेन हातात घेऊन मी उभा.
डासांनी तेवढ्यात माझं मनगट खाल्लं.

सगळे गेल्यावर मी एकटा वर चढलो.
गुडघे कुरकुरले. पलीकडून ते टेकाड
पावसांनी आणि वितळत्या बर्फाने इतकं खाल्लं होतं
की मुळं लोंबत होती,
आणि एका ठिकाणी मातीतून
संध्याकाळचा उजेड आरपार येत होता.
खाली रासबेरीची जाळी. तिच्यातून पायवाट,
कालपरवाच तुडवलेली. चिखलात बुटाचा ठसा
माझ्या तळहाताएवढा.
फांदीला टांगलेला एक पत्र्याचा मग,
तळाशी लाल डाग.

दृष्टीआड सृष्टी म्हणतात, ती ही.
आपण बघायला येतो की नाही
याचं तिला काही पडलेलं नाही.

टेकलाच्या कार्डावर सही केली. चौकोन कोणता, ते विचारू नका,
मी तिसरा काढला, पेनानेच, वाकडातिकडा.
लान्सिंगच्या कचेरीतून अजून काही पत्र नाही.

मग मी घरी आणला होता, कुणाचा ते विचारावं म्हणून.
रात्री स्वयंपाकघरात तो माझ्याकडे बघत बसला.
सकाळी परत नेऊन त्याच फांदीला टांगला.
येताना पाचवं हरीण उपटून खांद्यावर घेतलं;
वाटलं होतं त्याहून हलकं निघालं.
शेडच्या भिंतीला टेकवून ठेवलंय.
हार्लन विचारतो, आता रोवायचं कुठे?
गेले चार दिवस आम्ही दोघं
रानातून हिंडतोय, प्रत्येक टेकाडाच्या
मागे जाऊन बघत.