साच्यांचा डबा ॲबर्डीनला

साच्यांचा डबा लेकीकडे, ॲबर्डीनला.
नेताना म्हणाली होती, "आठवड्यात आणून देते."
त्याला आता दोन नाताळ झाले.

आणि इथे टेबलावर अठ्ठेचाळीस कपकेक,
पांढऱ्या आयसिंगचे, बिनचेहऱ्याचे,
उद्या दहाला वाचनालयात पोचायला हवेत,
छप्पर गळतंय त्यांचं, बालविभागावरच नेमकं.

"काही अडत नाही, इशबेल," टॉरमड म्हणतो
आणि खण उपसून एकेक वस्तू मांडतो:
औषधाच्या बाटलीचं झाकण, पेनाचं टोपण,
माझं अंगुस्तान, सरबताची नळी.
"गोल आहेत ना? मग झालं.
गोलातून सगळं निघतं."

एकतीस वर्षं तो गोदीत जहाजं आखायचा,
कागदावर नाही,
माळ्याच्या लांबलचक काळ्या फरशीवर,
खऱ्या मापाची,
गुडघ्यांवर रांगत, खडूने.
जहाज क्लाइडमध्ये उतरलं की फरशी पुसायची.
मग पुढचं जहाज.

आता तो निळा फॉन्डंट लाटतो, नखाएवढा जाड,
खाली पिठीसाखर, नाहीतर चिकटून बसतो.
झाकण दाबायचं, किंचित पिळायचं, उचलायचं.
गोल.
मधोमध कापला की दोन होड्या,
वर एक त्रिकोण टेकवला की शीड.
आणि तेच झाकण गोलाच्या कडेवर पुन्हा दाबलं,
जरा सरकवून,
की एकीकडे सुटतो मासा,
एकीकडे उरते कोर.
कोर मोडून शेपटी करायची,
बोटाला पाणी लावून चिकटवायची. पाणी थेंबभरच.
नळीने टोचला की डोळा.
"डोळा शेवटी," तो बजावतो,
"आधी डोळा दिलास तर मासा कापून घेत नाही."

शेजारची ऊना खुर्चीवर उभी.
वय सात, पुढचे दोन दात बेपत्ता,
काम: चव घेणे.
सगळे गोल काढून झाल्यावर
उरलेली जाळी मी गोळा करायला घेते,
तर ती हात धरते. "हे कुणाचं?"
कुणाचंच नाही, हे राहिलेलं.
"मग मला राहिलेलं हवं."
आणि भोकाभोकांचा तो तुकडा
पिवळ्या आयसिंगवर पसरून म्हणते,
"रात्रीचं जहाज. आत सगळे जागे आहेत."

टॉरमड चष्मा काढून बघतो.
खिडक्या त्याच्या खात्यात कधी नव्हत्या.
तो सांगाडा देऊन मोकळा,
दिवे लावणारे वेगळे.

बेचाळीस झाले आणि फॉन्डंट संपला.
दुकान साडेपाचलाच बंद.
तेव्हा तो खिशातून जुडगा काढतो,
त्यातली एक लांब, जाड किल्ली सोडवतो.
माळ्याची.
परत कुणी मागितली नाही, यानेही दिली नाही;
तिथे आता गाड्या लावतात.

आधी गरम पाण्याने धू, मी म्हणते. साबणाने.

आयसिंग वरून पुरतं सुकलेलं हवं.
किल्ली अलगद ठेवायची, दाबायची नाही.
चहाच्या गाळणीतून कोको,
गाळणीला बोटाने टिचक्या मारत, घाई न करता,
सगळं तपकिरी होईस्तोवर.
मग चिमट्याने सरळ वर.
तिरकी उचलली तर गेलं.

पहिल्या तीन गेल्या. हात थरथरतो त्याचा हल्ली,
आम्ही दोघं त्यावर बोलत नाही.
ऊनाने तिन्ही संपवल्या, तक्रार न करता.
चौथ्याला तो श्वास रोखतो,
मी गाळणी धुण्यात गुंतलेली असते,
आणि मागून ऊना कुजबुजते, "राहिली."

मी भावाच्या चिठ्ठ्या लिहायला बसते.
मासा एक पाउंड. होडी एक पाउंड.
रात्रीचं जहाज विकायचं नाही, असं कळतं.
किल्लीला काय लावू?

तो सावकाश गुडघ्यांवर येतो,
टेबलाच्या काठाशी डोळे आणून
एक डोळा मिटून
रेष या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासतो.

"अर्धा लाव," म्हणतो.
"दात्यांपाशी हललीय."