चूळ

ग्लेनिसनं सहा बाटल्यांना
मुलाचे जुने फुटबॉलचे मोजे चढवलेत,
निळे-पांढरे, गुडघ्यापर्यंतचे, गळ्याशी रबरबँड.
ओळीनं उभ्या त्या टेबलावर
कवायतीला उशिरा आलेल्या पोरांसारख्या.
खिडकीबाहेर शेफील्डचा उतार, नोव्हेंबर,
वॉकलीची घरं एकमेकींना धरून
नदीकडे घसरायची थांबलेली.

"तोंडात घ्या, फिरवा, थुंका," ॲलस्डेर सांगतो
आणि मला हसू फुटतं.
मी दातांची डॉक्टर. बावीस वर्षं
हे वाक्य माझं आहे.
चूळ भरा. थुंका.
आज बादली माझ्याकडे सरकवतात.

पहिली हिरवट. ॲलस्डेर म्हणतो, गूजबेरी.
मी लिहिते, रायआवळा, मीठ न लावलेला.
दुसरी लाल. "पेट्रोल पंपावरची," नेस्टा नाक मुरडते.
मी लिहिते, ओलं गोणपाट, तांब्याचा पैसा,
दहापैकी चार.
तिसरी आठवत नाही.
तिसरीच्या वेळी मी डेस्मंडकडे बघत होते.

डेस्मंड, एकेकाळी पंच्याण्णव नंबरच्या बसचा ड्रायव्हर,
घोट घेण्याआधी आमचे चेहरे बघतो.
नेस्टानं नाक मुरडलं की मुरडतो,
ॲलस्डेरची भुवई चढली की म्हणतो, "हं, झकास."
आरशात बघून दाढी करावी
तसा आमच्यात बघून पितो.

फेब्रुवारीत, माझ्याच खुर्चीत,
त्याच्या जिभेच्या डाव्या कडेला
कणीएवढा पांढरा ठिपका.
मी दिवा जवळ ओढला.
छताकडे बघत तो म्हणाला, "काय डॉक्टर, खड्डा?
रस्त्यातले खड्डे मला पाठ आहेत."
मी म्हटलं, चिठ्ठी देते. ह्याच आठवड्यात जा.
मार्चात कापलं. मेपर्यंत तीस वेळा किरणं.
नऊ महिने मी हे तोंडात धरून आहे,
ना गिळता येत
ना थुंकता.

चौथीनंतर तोच बोलला, चीजचा तुकडा मोडत,
"मला ह्यातलं काही कळत नाही हं.
चव गेलीय. गार आणि ओलं, एवढंच.
डॉक्टरना माहितीय. त्यांनीच पकडलं."
फ्रिजची घरघर ऐकू आली.
नेस्टानं ब्रेड कापला, कुणालाच नको असताना.
ॲलस्डेरनं वही मिटली, पुन्हा उघडली,
पेन शोधत राहिला, पेन हातातच होतं.

पाचवी ओतली. लाल.
"तू सांग," डेस्मंड मला म्हणाला, "तुझ्या भाषेत.
ह्यांची फळं ऐकून कंटाळलो."
मी सांगितलं, जांभूळ.
बी चोखून झाल्यावर जिभेला धरतो तो तुरटपणा.
मग गुळाचा पाक, करपायच्या जरासा आधी.
मग नवी वही, खाकी कव्हर घातलेली.
"जांबूल," तो म्हणाला.
नाही, ळ. जीभ उलटी वळव, टाळूला लाव.
त्यानं वळवली,
जिथं कापलं होतं त्या कडेनं, जपून.
तिसऱ्यांदा जमलं.
मग सगळ्यांनीच म्हणून पाहिलं, कुणालाच नीट येईना,
आणि पेले रिकामे झाले, बादली तशीच राहिली.

ग्लेनिसनं दोनच मोजे उतरवले.
दुसरी आणि पाचवी एकच वाइन,
कोपऱ्यावरच्या दुकानातली, साडेसहा पौंडांची.
पस्तीस वर्षं केमिस्ट्री शिकवलेली बाई,
गालातल्या गालात हसत होती.
कागद फिरले. माझे चार आणि नऊ.
नेस्टाचे तीन आणि आठ.
ॲलस्डेरचे पाच आणि साडेनऊ, साडेनऊखाली दोन रेघा.
डेस्मंडचे सात. सात.
"मी तर सगळ्यांनाच सात दिलेत," तो म्हणाला
आणि मोठ्यानं हसला,
तेव्हा सवयीनं मी बघून घेतलं.
दात जांभळे. हिरड्या गुलाबी.
डावी कड नितळ.

सहावी अजून मोज्यातच उभी होती.