विषय: स्थानिक सहल

उपासना सुटली. चटया गुंडाळल्या.
पंचमंडळी मागच्या खोलीत बसली,
मी चिटणीस, म्हणून वही माझ्याकडे
आणि चहा सांगायचं कामही माझ्याकडेच.

विषय एकच: जानेवारीतली सहभागिता.
दोन दिवस, एक रात्र, सगळ्या वयांची.
'सगळ्या'खाली पाळकसाहेबांनी दोन रेघा मारल्या
आणि तिथंच वाजलं.

अनुग्रह लोंढे, बीएस्सीचं शेवटचं वर्ष,
मोबाइलवर तक्ता करून आलेला:
पहाटे पाचला दंडोबा. डोंगरावर स्तुती.
उतरून नाश्ता, मग गट, मग चर्चा, मग खेळ.
शिमोनतात्यांनी तक्ता हातभर लांब धरून वाचला.
"यात झोप कुठं लिहिलीय?"
त्यांना हरिपूरचा संगम पाहिजे,
चिंचांच्या रस्त्यानं सावकाश जायचं,
वारणा कृष्णेत शिरते ते बघत बसायचं
आणि गुडघ्यांना काही विचारायचं नाही.

महिला मंडळ म्हणालं, डोंगर नंतर,
शंभर माणसांची कणीक कोण मळणार ते आधी बोला.
शब्बाथ शाळेची पोरं दाराआडून ओरडली, "सर्कस!"
सर्कस कुठली आता,
पण मी लिहून घेतलं. वहीत सगळं लिहायचं असतं.

पेटीचा भाता फाटलाय, सतारवाल्यांच्या गल्लीत द्यायचा.
गाडी सतरा सीटची, फेऱ्या मोजायच्या.
वर्गणी मोठ्यांना दोनशे, लहानांना पन्नास,
ज्यांना जमणार नाही त्यांची नावं मोठ्यानं वाचायची नाहीत.

इतक्यात कोपऱ्यातून दमयंती सिस्टर.
चौऱ्याऐंशी वय. पांढरी साडी सुटली, पांढरे बूट नाही सुटले.
"मला दंडोबा नको, संगमही नको.
मिशन दवाखान्यामागची ती बुटकी इमारत,
बाळंतपणाचा जुना वॉर्ड. कुलूप असतं.
किल्ली मागून घ्या. दहाच मिनिटं."

अनुग्रह हळूच म्हणाला,
"सिस्टर, तिथं बघायचं काय?"
त्यांनी त्याचा मोबाइल मागून घेतला,
येणाऱ्यांची यादी बोटानं वर सरकवत गेल्या,
बोट कापत होतं, यादी दोनदा निसटली.
"हा पायाळू.
ही दिवे गेले तेव्हाची, कंदिलाच्या उजेडातली.
हिची आई दोन दिवस बोलली नाही, मुलगी झाली म्हणून,
तिसऱ्या दिवशी हिला कुणाच्या हातात देईना.
आणि हा तुझा बाप.
चार पौंडसुद्धा नव्हता. मोठ्या डॉक्टरांनी आशा सोडली.
मी कापसात गुंडाळून रात्रभर छातीशी धरला."

पंखा ऐकू येऊ लागला.
शिमोनतात्या नखं बघत बसले.
मला विचारावंसं वाटलं, आणि मी?
पण चिटणिसानं वहीत स्वतःचं काही लिहायचं नसतं.

चहा आला, त्यातले तीन बिनसाखरेचे.
ठरलं ते असं, म्हणजे अर्धंच ठरलं:
शनिवारी पाय असणारे दंडोबाला,
बाकीचे हरिपूरला,
कणीक तरुण संघानं मळायची
(तरुण संघाचा विरोध नोंदवला आहे).
रविवारी प्रभुभोजनानंतर
सगळे चालत त्या बुटक्या इमारतीकडे.
किल्लीसाठी अर्ज मी करायचा.
अर्जात विषय काय लिहू, विचारलं,
तर पाळकसाहेब बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
"लिही, स्थानिक सहल."

उठताना सिस्टरनी माझा खांदा धरला.
"तू उशिरा रडलीस," म्हणाल्या.
"फार उशिरा. आम्ही तिघी तुला पालथी धरून
थोपटत होतो, थोपटत होतो."
आणि बूट वाजवत रिक्षाकडे गेल्या.

अर्ज त्याच रात्री लिहिला.
तारीख घालायची राहिली.