जाकिटे सोळा, स्थिती उत्तम

दर वर्षी जूनअखेर मी लिहितो:
जाकिटे सोळा, स्थिती उत्तम.
खाली सही, सोसायटीचा शिक्का.
अकरा वर्षं. अक्षर माझं चांगलं आहे.

बंदीचा काळ. कुटबणच्या धक्क्यावर
ट्रॉलर एकमेकांना खेटून, मध्ये जुने टायर,
साळ नदी गढूळ, भरतीनं फुगलेली.
शेडच्या पत्र्यावर पाऊस इतका
की पागीबाई ओरडूनच शिकवतात.
पाळोळ्याच्या. बाप रापणकार होता म्हणे.
"माणूस पडला, तर पहिलं काय?"

"इंजिन न्यूट्रल," कुणीतरी.
"आधी जाळं वर," रुझार तांडेल म्हणाला
आणि सगळे हसले. मीही.

"बोट दाखवायचं," त्या म्हणाल्या.
"एकानं नुसतं त्याच्याकडे बोट रोखून उभं राहायचं,
दुसरं काही करायचं नाही.
नजर सुटली की लाटांत डोकं म्हणजे
शहाळं, बोया, काहीही."

मग जाकिटं मागवली.
पेटीची किल्ली रुझारच्या गळ्यात, क्रुसाशेजारी.
झाकण उघडलं, दोन पाली पळाल्या,
फोम हातात घेतला तर पिठासारखा सांडला.
त्यातल्या त्यात बरं एक
फागू टोप्पोच्या अंगावर चढवलं.
गुमल्याचा पोरगा, समुद्राचे दोनच हंगाम.
पोहता येतं का?
त्यानं मान हलवली,
कुठल्या अर्थानं ते कळलं नाही.

कमरेला दोर, दोघांनी धरलेला.
तो पायऱ्या उतरला. पाणी छातीला, हनुवटीला.
जाकीट पाणी प्यायलं, आवाज न करता,
आणि फागू खाली गेला.

बाई म्हणतात चार सेकंद.
ओढला, आला, खोकला, हसला,
कुणी गंजी दिली, कुणी चहा.
रुझार मात्र उभाच.
हात ताठ, बोट नदीतल्या त्याच जागेवर
जिथं आता कोणी नव्हतं.
"तांडेला, आला तो वर," मी म्हटलं.
त्यानं बोट खाली घेतलं नाही.
जुनी माणसं एकदम गप्प झाली,
त्यांना काहीतरी माहीत होतं,
मी नोकरीला लागायच्या आधीचं.

दुपारी विम्याचे अर्ज. ते माझं काम.
वारस: आई. बुधनी टोप्पो.
फागूनं खात्री करायला फोन लावला,
ती रोप्याच्या चिखलात होती,
माझं नाव कशाला, म्हणाली.
इथं लिहावं लागतं.
पैसे मिळणार?
"हो," तो म्हणाला. मग, "नाही. म्हणजे, नको."

संध्याकाळी वही उघडली.
सोळावर रेघ मारली.
पुढं काय लिहावं ते सुचेना, शाई सुकली.
त्या जाकिटाची शिट्टी तेवढी चालू आहे:
कुणाचं तरी पोर ती घेऊन
धक्क्यावर वाजवत फिरतंय,
घरी जा म्हटलं तरी ऐकत नाही.